उणे अकरा पूर्णांक चार

सोमवारी सकाळी साडेदहा वाजता, पहिला चहा अजून ओठाला लागायचा होता, तोच जोडाऱ्याच्या टेबलावर एक ज्ञापन येऊन पडलं. विषय : कामगिरी उणे असणेबाबत.

"उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, आपल्या कक्षाची कामगिरी सलग चार तिमाहींत उणे असल्याचे निदर्शनास आले आहे. सदर उणेपणाबाबत आपला लेखी खुलासा तीन दिवसांत सादर करावा. अन्यथा आपणांस काहीही म्हणावयाचे नाही असे गृहीत धरण्यात येईल."

जोडाऱ्यानं ते दोनदा वाचलं आणि त्याला हसू फुटलं. अकरा वर्षं तो दर तिमाहीला अहवाल धाडत होता. ते कुणी उघडून बघतं, हे त्याला आज पहिल्यांदा कळत होतं. त्याला आनंदच झाला म्हणायचा. चहा तेवढा गार झाला.

आता हा जोडारी कोण, ते सांगायला हवं. कागदोपत्री तो 'संगणकीय रेणुरचनाकार, श्रेणी दोन' होता. हे पद नातेवाइकांत सांगितलं की ऐकणाऱ्याचा चेहरा कोरा व्हायचा. एकदा मेहुण्यानं सरळच विचारलं, "म्हणजे दिवसभर नेमकं करतोस काय रे?" हा म्हणाला, "औषधाचे रेणू कॉम्प्युटरवर प्रथिनांवर बसवून बघतो." मेहुणा म्हणाला, "बसवतोस ना? मग सरळ जोडारी म्हण की! आमच्या कारखान्यात सहा आहेत." मेहुण्यानं पुढं ऑफिसात फोन करून त्याच नावानं चौकशी केली आणि नाव संस्थेभर झालं. संस्थेत नावं लगेच चिकटत. रेणूंचं तसं नव्हतं.

काम तसं सोपं होतं, म्हणजे सांगायला. सुजलेल्या सांध्यांत दोन प्रथिनं असतात. जोडारी त्यांना थोरली आणि धाकटी म्हणायचा. या दोघी एकमेकींना बिलगल्या की सूज चढते आणि सुटल्याशिवाय उतरत नाही. निघतो निघतो म्हणत दारातच तासभर उभे राहणारे पाहुणे असतात ना, तसं यांचं. त्यांच्या मधे शिरून ठाण मांडून बसेल असा एक बारकासा रेणू हवा होता. इतर औषधवाल्यांचं नशीब बरं. त्यांच्या प्रथिनाला खळगा असतो, त्यात रेणू बसवला की झालं. थोरली-धाकटी जिथं बिलगत, तिथं सगळं ताटासारखं सपाट. "कुलूप नाही, भोक नाही, आणि आमचे साहेब अकरा वर्षं किल्ली घासतायत," असं काचबाई म्हणायच्या.

काचबाई म्हणजे प्रयोगशाळेतल्या रसायनवाल्या बाई. जोडारी पडद्यावर जे रंगीत मणी जोडायचा, ते काचेच्या चंबूत खरोखर बनवून दाखवायचं काम त्यांचं. कॉम्प्युटरबद्दल त्यांचं मत काही फारसं बरं नव्हतं आणि ते त्या लपवतही नसत.

कॉम्प्युटर प्रत्येक रेणूला एक आकडा द्यायचा. त्याला म्हणायचं बैठक-गुण, म्हणजे रेणू प्रथिनावर कसा बसलाय त्याचा आकडा. आणि इथंच सगळ्या गोष्टीची मेख आहे. हा आकडा शून्याच्या जितका खाली, तितकी बैठक पक्की. उणे पाच म्हणजे रेणू खुर्चीच्या कडेवर अवघडून टेकलाय. उणे आठ म्हणजे पाठ टेकून बसलाय, चहा घेईल. उणे अकरा म्हणजे आता तो जेवूनच जाणार. आणि आकडा अधिक आला तर समजावं की रेणू बसलेलाच नाही, थेट घरमालकाच्या पोटात घुसलाय.

अकरा वर्षांत जोडाऱ्यानं चारशे सहा रेणू बसवले. बरेचसे खुर्चीच्या कडेवरचे. चारशे सातव्याला आकडा आला उणे अकरा पूर्णांक चार. काचबाईंनी नऊ महिने खपून तो चिमूटभर बनवला, नळीत थोरली-धाकटीच्या मिश्रणात सोडला, आणि त्या दोघी सुटल्या. बाईंनी तीनदा करून पाहिलं. तिन्ही वेळा सुटल्या. कुणाचं कधी कौतुक न करणाऱ्या बाई म्हणाल्या, "बरंय." जोडारी स्वच्छतागृहात गेला, नळ सोडला आणि पाच मिनिटं रडला. मग तोंड धुऊन त्यानं ताईला फोन केला.

ताई त्याची थोरली बहीण. शिवणकाम करून तिनं याला शिकवलं होतं, आणि आता तिच्याच दोन्ही हातांचे सांधे इतके सुजले होते की कात्री धरवत नव्हती. शर्टाचं बटण लावायला तिला शेजारणीला हाक मारावी लागे. तिच्या दुखण्यामागं हीच थोरली-धाकटी होती. दर आठवड्याला ती फोनवर विचारायची, "झाली का रे तुझी गोळी?" आणि हा सांगायचा, "पुढच्या वर्षी नक्की, ताई." त्यात खोटेपणा नव्हता. प्रत्येक वेळी त्याला ते मनापासून खरं वाटायचं. या धंद्यात तसं वाटलं नाही तर माणूस सकाळी अंथरुणातून उठणार नाही.

वर्षातून एकदाच, एकच रेणू, पुढच्या पायरीच्या चाचणीला पाठवायची मुभा संस्थेला होती. त्याची निवड महिनाअखेरीस व्हायची होती. चारशे सातवा जाणार, यात कुणाला शंका नव्हती. आणि तेवढ्यात हे ज्ञापन.

ज्ञापन धाडणाऱ्या मोजमाप अधिकाऱ्यांची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. संस्थेत जे हलतं ते मोजायचं आणि जे हलत नाही त्याची टक्केवारी काढायची, असं त्यांचं काम होतं, आणि माणूस कामाला चोख होता.

"बसा," ते म्हणाले. "तुमच्या बैठका उणे का?"

"साहेब, त्या बैठका नव्हेत. रेणूची बैठक. तो कसा बसलाय, त्याचा आकडा."

"त्या बैठकीचं इतिवृत्त ठेवता?"

"नाही."

"मग उणे होणारच."

"साहेब, आमच्याकडे उणे चांगलं असतं."

अधिकाऱ्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. "म्हणजे शून्य त्याहून चांगलं असणार."

"शून्य वाईट."

"आणि अधिक?"

"अधिक फारच वाईट."

"म्हणजे तुम्ही जितके खाली जाल, तितके वर जाल."

"अगदी बरोबर!" जोडारी हरखून गेला. इतकं नेमकं आजवर कुणालाच कळलं नव्हतं, बायकोलासुद्धा नाही.

"हे अध्यात्मात ठीक आहे," अधिकारी म्हणाले. "फॉर्ममध्ये चालत नाही."

"साहेब, सगळं जग असंच मोजतं."

"मोजत असेल. जग आपल्या आस्थापनेवर नाही."

मग त्यांनी स्क्रीन त्याच्याकडे वळवली. या महिन्यापासून कागदी अहवाल बंद होऊन नवा फॉर्म आला होता. रकाना नऊ : गुण. जोडाऱ्यानं तिथं उणे अकरा पूर्णांक चार टाइप केलं. लाल अक्षरं उमटली : 'उणे मूल्य स्वीकारार्ह नाही.' त्यानं पुन्हा केलं. पुन्हा तेच. फॉर्म भरला नाही तर रेणू यादीत येणार नाही, यादीत नसला तर निवडीला येणार नाही.

"मग मी करू काय, साहेब?"

"ते मी कसं सांगू? मी फक्त मोजतो." अधिकाऱ्यांनी दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "पण एक आडवी रेघच तर आहे हो. एवढा शिकलेला माणूस तुम्ही, एका रेघेला अडता?"

जोडारी जागेवर आला आणि विचार करत बसला. म्हणजे विचार आधीच झाला होता, आता त्याला नीटनेटके कपडे घालणं चाललं होतं. अकरा पूर्णांक चार हा आकडा खराच आहे. रेघ काढली म्हणून रेणू काही बदलत नाही. ताईच्या बोटांना रेघेशी काय देणंघेणं? आणि खोटं म्हणजे काय, नसलेलं लिहिणं. आपण तर असलेलं पुसतोय. असं स्वतःला पटवून, फॉर्मला सगळेच रेणू हवे होते म्हणून त्यानं सगळ्यांच्याच रेघा एका फटक्यात काढल्या, 'वरील माहिती सत्य आहे' याच्या खाली सही ठोकली, आणि फॉर्म धाडून दिला. त्या दिवशी तो बाईंना बढाई मारत म्हणालासुद्धा, "सिस्टिमशी भांडायचं नसतं बाई, तिला गुंडाळायचं असतं."

गुरुवारी गुणवत्ता यादी लागली. चारशे सातवा होता बेचाळिसावा.

पहिला होता क्रमांक तेरा. गुण नऊशे बारा.

क्रमांक तेरा हा जोडाऱ्याचा पहिल्या आठवड्यातला रेणू. तेव्हा तो शिकत होता. माऊस घसरला आणि रेणू जाऊन प्रथिनाच्या पोटात रुतला. एका खुर्चीवर नऊ माणसं बसावीत तसे अणूंवर अणू. कॉम्प्युटरनं हंबरडा फोडून अधिक नऊशे बारा दिले होते. गंमत म्हणून यानं तो जपून ठेवला होता, आणि नंतर विसरला होता. त्याच्या खालोखाल पहिल्या वर्षातले असेच आणखी चाळीस अपघात. त्यांना काढायला रेघच नव्हती. ते जन्मतःच अधिक होते.

दुपारी संचालकांचं बोलावणं आलं.

"नऊशे बारा!" संचालक उभे राहून म्हणाले. ते उभे राहिलेले जोडाऱ्यानं पूर्वी पाहिले नव्हते. "पलीकडच्या संस्थेचा सर्वोच्च आकडा माहीत आहे किती? बारा! आणि तोही उणे!"

"साहेब, तेरा नंबरमध्ये जरा घोटाळा—"

"हजार झाले नाहीत म्हणता? मलाही ते खटकलं. गाठू, गाठू. पुढच्या तिमाहीत गाठू." त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "आजपासून तुम्ही श्रेणी एक. खुर्ची बदलून घ्या."

खुर्ची आली. तिला हात होते. पाठ मागं कलत होती. जोडारी तिच्यात बसला आणि बसल्याबरोबर त्याला उणे अकराची बैठक म्हणजे काय ते कळलं. उद्या सांगू, त्यानं ठरवलं. आधी पाय रोवू, वजन वाढवू, मग चारशे सातला आपणच वर ओढून घेऊ. जगातले सगळे चांगले बेत असेच मऊ खुर्चीत बसून होतात, आणि तिथंच राहतात.

दुसऱ्या दिवशी काचबाई कागद फडकवत आल्या. क्रमांक तेरा तातडीनं बनवून द्यायचा आदेश होता.

"जोडारीसाहेब, या कार्बनला सहा हात आहेत."

"हो."

"कार्बनला चार असतात."

"हो, बाई."

"मग हे दोन कुणाचे?"

"माझे," जोडारी म्हणाला. "माऊस घसरला होता."

बाईंनी कपाळाला हात लावला. "अहो मग वर जाऊन सांगा ना! गप्प काय बसलायत?"

"सांगतो. वेळ बघून सांगतो. सही केलीय ना मी."

बाई वेळ बघणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी फायलीवर स्वच्छ अक्षरात टिपण लिहिलं : 'कार्बनला चारच हात असल्याने सदर रेणू बनविणे शक्य नाही.' चार दिवसांनी फाईल परत आली : 'कार्बनचे हात चार असणेबाबतच्या मूळ आदेशाची प्रत जोडावी. आदेश उपलब्ध नसल्यास दोन अतिरिक्त हातांचा प्रस्ताव सादर करावा.' आदेश कुणालाच सापडला नाही. प्रस्ताव बाईंच्या वतीनं दुसऱ्याच कुणी केला, उपसमिती बसली, आणि दोन हात सहा महिन्यांसाठी तात्पुरत्या स्वरूपात मंजूर झाले. बाईंनी खाली शेरा मारला की कार्बनचा होकार अद्याप अप्राप्त आहे. त्यावर 'पाठपुरावा करावा' असं उत्तर आलं.

इथवर सगळं कागदावर होतं आणि कागदावरचं फारसं कुणाला लागत नाही. पण जोडाऱ्याचा कक्ष उणे होता आणि एका आठवड्यात अधिक झाला, ही बातमी वर पोचली. यशोगाथा हवी होती. 'उण्याकडून अधिकाकडे : एका कक्षाचा प्रवास' ही आठ पानी पुस्तिका निघाली. ती लिहिली कुणी? जोडाऱ्यानंच लिहिली. मुखपृष्ठासाठी खुर्चीत बसून फोटोही काढून घेतला, हनुवटीखाली हात ठेवून. आणि त्या पुस्तिकेच्या आधारे मोजमाप कक्षानं मोहीम जाहीर केली : 'उणेमुक्त संस्था'. त्या दिवसापासून संस्थेत कुठंही, कशावरही, उणे चिन्ह दिसता कामा नये.

सुरुवात लिफ्टपासून झाली. तळघराच्या बटणावर उणे एक होतं, ते खरवडून एक केलं. आता एक दाबलं की लिफ्ट कधी वर जाई, कधी खाली. तळघरातले रेकॉर्डवाले दोघं दोन दिवस पहिल्या मजल्यावरच्या लेखा विभागात बसून होते. त्यांना तिथं कुणी ओळखलं नाही आणि कुणी उठवलंही नाही. मग पथक काचबाईंच्या प्रयोगशाळेत आलं. तिथं कोपऱ्यात अतिथंड फ्रीजर होता. त्यात थोरली आणि धाकटी, अकरा वर्षांत थेंब थेंब गोळा केलेल्या, गोठवून ठेवल्या होत्या. फ्रीजरच्या दारावर हिरवा आकडा चमकत होता : उणे ऐंशी.

त्या दिवशी बाईंना प्रस्तावाच्या पाठपुराव्याला सकाळीच वर बोलावलं होतं. परत आल्या तेव्हा वायरमन हत्यारं आवरत होता. दारावर चमकत होतं : चार.

"बाई, ऑर्डरीत अधिक ऐंशी होतं," तो समजुतीनं म्हणाला. "पण ही मशीन तेवढी चढत नाही. चारवर ठेवलीय. बाकीचं नवी मशीन आल्यावर करू."

बाईंनी दार उघडलं. नळ्यांमध्ये पांढऱ्या गुठळ्या झाल्या होत्या, नासलेल्या दुधासारख्या. दोघींचा थेंबही कामाचा उरला नव्हता. आता चारशे सातव्याची चाचणी पुन्हा करून दाखवा म्हटलं तरी दाखवायची कशावर? नव्यानं प्रथिनं बनवायला एक वर्ष, आणि त्याची मंजुरी मिळायला किती, ते देवाला ठाऊक.

जोडारी धावत खाली आला. बाई स्टुलावर बसल्या होत्या. त्या रागावतील, ओरडतील अशी तयारी करून तो आला होता. त्या रडत होत्या, आणि ते त्याला बघवेना.

"तुमच्या एका रेघेपायी," बाई म्हणाल्या.

"बाई, मी उद्या सांगतो. शप्पथ."

"तुमचं उद्या आणि तुमच्या ताईचं पुढचं वर्ष. दोन्ही एकाच दिवशी येणार बघा." त्यांनी डोळे पुसले. "मला एक सांगा. तुम्हाला कॉम्प्युटर येतो, रेणू येतात, सगळं येतं. मग 'माझं चुकलं' एवढंच कसं येत नाही हो?"

महिनाअखेरीस निवड झाली. क्रमांक तेरा एकमतानं मंजूर. तो अजून अस्तित्वात नव्हता, पण ती बाब समितीपुढं नव्हती. चारशे सातव्यापुढं लिहिलं होतं : 'गुण अल्प असल्याने वगळण्यात येत आहे. शिल्लक नमुना नष्ट करावा.' शिल्लक होते अकरा मिलिग्रॅम. बाईंनी ते नष्ट केल्याचा कागद केला आणि कुपी आपल्या ड्रॉवरमध्ये, सुटी बटणं ठेवायच्या डबीत, ठेवून दिली. नोकरीत त्यांनी केलेलं हे पहिलं खोटं काम. जोडाऱ्याला ते कळलं आणि त्याची मान आणखीच खाली गेली, कारण बाईंचं खोटं रेणू वाचवत होतं आणि याचं खरं, म्हणजे ज्याच्यावर यानं सत्य म्हणून सही केली होती ते, त्याला मारत होतं.

मग सत्कार ठरला. संस्थेचा पहिला नऊशेपार रेणू! सभागृह, माईक, फुलांचा गुच्छ, सन्मानपत्र. घरच्यांना निमंत्रण होतं. बायकोनं परस्पर ताईला कळवलं आणि ताई दोन बस बदलून आली. सभागृहाच्या पायऱ्या चढताना तिला कठडा धरता येईना. तो तिनं कोपरानं दाबून धरला आणि एकेक पायरी चढली. जोडारी वरून पाहत होता. त्याचा जीव तीळ तीळ तुटला. बस झालं, त्यानं ठरवलं. आज सांगायचंच. खुर्ची जाऊ दे, श्रेणी जाऊ दे, नोकरी गेली तरी जाऊ दे. सगळं उघड झालं तर निवड रद्द होईल, चारशे सात पुन्हा वर येईल.

काचबाई आल्या नव्हत्या. त्यांनी रजा टाकली होती आणि कारणाच्या रकान्यात 'उणे ऐंशी' लिहिलं होतं. तोही अर्ज चिन्हाच्या कारणावरून परत आला होता.

संचालक बोलले, मोजमाप अधिकारी बोलले, आणि मग जोडारी माईकपुढं उभा राहिला. ताई पहिल्या रांगेत, हात मांडीवर पालथे ठेवून बसली होती.

"मला एक कबूल करायचंय," तो म्हणाला. "या नऊशे बारामध्ये काही अर्थ नाही. तो रेणू नव्हे, माझी चूक आहे. माझा माऊस घसरला होता. आमच्याकडे उणे आकडा चांगला असतो. मी फॉर्मसाठी रेघा काढल्या आणि त्याच्याखाली सत्य म्हणून सही केली. आपल्याकडे खरा रेणू एकच आहे, चारशे सातवा. त्याचा आकडा उणे अकरा पूर्णांक चार. तो तुम्ही बाद केलाय, आणि त्याला कारण मी आहे. मी नालायक माणूस आहे."

जोडाऱ्याच्या छातीवरचा धोंडा उतरला. आता जे होईल ते होवो, असं म्हणत त्यानं डोळे मिटले.

मागच्या रांगेतून एक टाळी आली. मग दुसरी. मग सगळं सभागृह.

मोजमाप अधिकाऱ्यांनी माईक हातात घेतला. त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. "पाहिलंत? आकडा नऊशेपार, आणि माणूस म्हणतो मी नालायक! आपल्यापैकी किती जण स्वतःला इतकं उणं लेखतील? मंडळी, उणेमुक्त संस्थेत या एका उण्याला मी अपवाद म्हणून मंजुरी देतो."

"अहो नाही, मी खरंच सांगतोय—" जोडारी ओरडला.

"अजून म्हणतायत!" संचालक कौतुकानं म्हणाले, आणि टाळ्या दुप्पट झाल्या. लोक उभे राहिले. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. मेहुणा दोन बोटं तोंडात घालून शिट्टी वाजवत होता.

जोडाऱ्याला तिसऱ्यांदा सांगता आलं असतं. माईक चालू होता, कुणी तो काढून घेतला नव्हता. पण टाळ्या, बाबांनो, टाळ्या! अकरा वर्षांत त्याच्यासाठी कुणी चुटकीसुद्धा वाजवली नव्हती. आणि आता तर त्याला खोटेपणाबद्दल टाळ्या मिळत नव्हत्या, खरं बोलण्याबद्दल मिळत होत्या. मग त्या घ्यायला काय हरकत? आपण आपलं काम केलं, लोकांना कळलं नाही तर आपण काय करणार, असं म्हणून तो गुच्छ घेऊन खाली बसला. बसला तो चांगला पाठ टेकून बसला.

तेवढ्यात त्याचं लक्ष ताईकडं गेलं. सगळं सभागृह टाळ्या पिटत होतं आणि ताई एकटी शांत बसली होती, हात मांडीवर तसेच पालथे. जोडाऱ्याला भरून आलं. एवढ्या गर्दीत एका माणसाला कळलं! शाळेचं तोंड चौथीपर्यंत पाहिलेल्या आपल्या ताईला कळलं! कार्यक्रम संपल्यासंपल्या तो गर्दीतून वाट काढत तिच्यापाशी गेला आणि गुडघ्यांवर बसला.

"ताई, तुला एकटीला कळलं गं. तू टाळ्या वाजवल्या नाहीस."

"काय कळलं?" ताई म्हणाली. "वेड्या, हे बघ." तिनं दोन्ही हात उचलून दाखवले. सुजलेली बोटं फाकलेली होती. तळवा तळव्याला लागत नव्हता. "हात मिळतच नाहीत रे माझे. मिळाले असते तर सगळ्यांत मोठ्यानं मीच वाजवल्या असत्या. भाऊ आहेस तू माझा." मग तिनं हळूच विचारलं, "झाली म्हणे तुझी गोळी. मला कधी देतोस?"

"पुढच्या वर्षी," जोडारी म्हणाला.

चारशे सातवा बटणांच्या डबीत आहे. नवी प्रथिनं कधी मंजूर होतील, तो बाहेर निघून गोळी कधी होईल आणि ताईची बोटं कधी सरळ होतील, हे सांगता येत नाही. झालीच, तर पुढच्या सत्काराला टाळ्या वाजवायला दोन हात वाढतील. तोवर तुमच्या-आमच्या हातांवरच भागवायला हवं. ते धडधाकट आहेत, आणि जोडारी बोलला तेव्हा ते काय करत होते, हे आपल्याला कुणी विचारणार नाही.